विसराळू सर्व्हर

रॉय फील्डिंग यांनी २००० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेत सादर केलेला प्रबंध वेबची रचना शिकवताना आजही पुढे केला जातो. एचटीटीपी ही नियमावली लिहिणाऱ्यांपैकीच ते एक, त्यामुळे विवेचन अनुभवाचे आहे. त्यातील एक अट अशी: प्रत्येक विनंती स्वयंपूर्ण असावी, आधीचे संभाषण सर्व्हरने लक्षात ठेवू नये. यालाच 'स्टेटलेस' म्हणतात.

सरकारी दवाखान्यातला केसपेपर आठवा. तो रुग्णाच्याच हाती असतो, म्हणून आज एक डॉक्टर, उद्या दुसरा, तरी उपचार अडत नाहीत. तसाच एक सर्व्हर बंद पडला तर दुसरा काम उचलतो. मात्र तीच माहिती पुनःपुन्हा पाठवावी लागते, हा तोटाही फील्डिंग स्वतःच नोंदवतात. सर्व्हर काहीच साठवत नाही, असा अर्थ विद्यार्थी हटकून काढतात. तो चूक आहे. खात्यातली शिल्लक बँकेच्याच संगणकात असते. विसरायचे ते फक्त संभाषण.

नेटस्केपने १९९४ साली आणलेल्या कुकींवर प्रबंधात कडक टीका आहे. वाचक मागच्या पानावर गेला तर पान जुने, कुकीतली नोंद मात्र नवी! आक्षेप बिनतोड आहे. खरेदीची टोपली ब्राउझरनेच सांभाळावी, हा त्यांचा उपाय मात्र मला पटत नाही. त्यासाठी ब्राउझरच बदलावे लागले असते. दुकानदार तेवढा थांबतो थोडाच!

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. या अटीमुळे बिघाडातून सावरणे सोपे होते, असे प्रबंध म्हणतो. सन मायक्रोसिस्टिम्सची एनएफएस ही फाइलपद्धती १९८०च्या दशकात याच तत्त्वावर उभी राहिली. तिथे 'पुढचे वाच' अशी विनंती नसे, 'इतक्याव्या बाइटपासून इतके वाच' अशी असे. ती दहादा केली तरी बिघडत नाही. पण 'ही फाइल पुसून टाक' ही विनंती पोचली, काम झाले आणि उत्तर वाटेत हरवले तर? ग्राहक संगणक पुन्हा विचारतो आणि 'अशी फाइल नाही' असे उत्तर मिळते. काम झालेले असूनही ते फसल्याची वर्दी! म्हणून सर्व्हरला अलीकडच्या उत्तरांची वही ठेवावी लागली. फाइलींच्या कुलपांसाठी तर वेगळा प्रोग्रॅम नेमला गेला. फील्डिंगचा प्रबंध आला त्याच वर्षी एनएफएसची चौथी आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिने लक्षात ठेवणे उघडपणे स्वीकारले होते.