‘पानिपत’ चित्रपटातील उदगीर : बालपणीच्या आवडीचे पुनरवलोकन

प्रस्तावना :

आशुतोष गोवारीकर दिग्दर्शित ‘पानिपत’ हा हिंदी चित्रपट ६ डिसेंबर २०१९ रोजी प्रदर्शित झाला. तेव्हा शाळेत असलेली मुले आज महाविद्यालयाच्या वर्गात येत आहेत. शिरूर अनंतपाळ, देवणी, उदगीर या परिसरातील मुलांना या युद्धपटाचे विशेष अप्रूप वाटावे, याला सबळ कारण होते. कथेचा आरंभच उदगीरच्या विजयाने होतो. ओळखीच्या गावाचे नाव मोठ्या पडद्यावर झळकले, हा आनंद खराच होता. मात्र इतिहासाच्या कसोटीवर हा चित्रपट पुन्हा पाहिला असता, त्याने उदगीरला नाव दिले पण तेथील इतिहास दिला नाही, असे दिसून येते.

पडद्यावरील उदगीर :

चित्रपटात सदाशिवरावभाऊ उदगीरचा किल्ला जिंकतात आणि निजामाची सत्ता जणू तेथेच संपुष्टात येते. निजामाच्या चाकरीतील इब्राहिमखान गारदी यास भाऊ उदार मनाने आपल्या सैन्यात घेतात. नंतर कथा पुण्यास जाते. शनिवारवाड्यातील दरबार, भाऊंचा पार्वतीबाईंशी विवाह आणि मग उत्तरेची मोहीम, असा हा क्रम आहे.

ऐतिहासिक वस्तुस्थिती :

उदगीरची लढाई म्हणजे केवळ एका किल्ल्यावरील हल्ला नव्हे. जानेवारी १७६० मध्ये मराठ्यांनी निजामाच्या सैन्याला या प्रदेशात चालत्या फौजेनिशी घेरले व ३ फेब्रुवारी रोजी निर्णायक पराभव केला. तहाने सुमारे ६० लक्ष रुपये उत्पन्नाचा मुलूख आणि दौलताबाद, असीरगड यांसारखी ठाणी मिळाली. इब्राहिमखान या लढाईपूर्वीच पेशव्यांच्या चाकरीत आलेला होता. बुसीच्या हाताखाली कवायती युद्धतंत्र शिकलेल्या या सरदाराचा तोफखाना उदगीरला मराठ्यांच्या बाजूने होता. पार्वतीबाईंचा विवाहही या मोहिमेच्या कितीतरी वर्षे आधी झाला होता.

सर्वांत लक्षणीय बदल भूगोलाचा आहे. उदगीरनंतर भाऊ पुण्यास परतलेच नाहीत. १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडल्याची वार्ता आल्यावर नानासाहेब पेशवे व भाऊ यांची मसलत आजच्या जालना जिल्ह्यातील परतूर (पटदूर) येथे झाली. मार्च १७६० मध्ये फौज तेथूनच उत्तरेकडे निघाली. म्हणजे पानिपतच्या मोहिमेचा प्रारंभ मराठवाड्याच्या भूमीवर झाला. चित्रपटाने हा प्रारंभ शनिवारवाड्यात नेला आणि मराठवाडा केवळ नायकाच्या परिचयापुरता उरला.

कलास्वातंत्र्य आणि त्याची मर्यादा :

चित्रपटाच्या मर्यादित वेळेत मोठा कालपट बसविताना दिग्दर्शकास घटना जवळ आणाव्या लागतात, हे मान्य करावे लागेल. विवाहाचा काळ बदलणे हा त्या सोयीचाच भाग म्हणता येईल. इब्राहिमखानाची अखेरपर्यंतची निष्ठा चित्रपटाने आदराने दाखविली, हे त्याचे मोठे यश होय. तथापि निजामाची सत्ता उदगीरला संपली, हा समज येथील विद्यार्थ्यास त्याच्याच घराच्या इतिहासापासून तोडतो. उदगीरनंतर १७६३ मध्ये राक्षसभुवन आणि १७९५ मध्ये खर्डा येथे मराठ्यांना निजामाशी पुन्हा लढावे लागले. हा प्रदेश तर १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानातच राहिला. ज्या पिढ्यांनी मुक्तिसंग्राम पाहिला, त्यांच्या नातवंडांना निजाम १७६० मध्येच संपल्याचे वाटणे, ही किरकोळ चूक म्हणता येणार नाही.

समारोप :

बालपणी आवडलेली कलाकृती सदोष ठरली म्हणून ती आवड खोटी ठरत नाही. चित्रपटाने जागविलेली उत्सुकता हे इतिहासाच्या अध्यापकाच्या हाती आलेले आयते साधन आहे. ‘पानिपत’चा आरंभीचा भाग दाखवून त्याशेजारी उदगीर, परतूर व बुराडी घाट यांचा नकाशा आणि १७६० ची दिनांकवार नोंद ठेवली, तर विद्यार्थी स्वतःच प्रश्न विचारू लागतील. फौज परतूरहून निघाली असताना पडद्यावर ती पुण्याहून का निघते, हा त्यातील पहिला प्रश्न असावा. त्याचे उत्तर शोधताना इतिहासाचे केंद्र कोण आणि कसे ठरवितो, याचाही विचार त्यांना करावा लागेल.