हुंदक्याचे शुद्धलेखन

मराठीत नुसते रडून भागत नाही. कसे रडलात तेही सांगावे लागते. तुम्ही 'तो रडला' एवढेच लिहा. वाचणारा लगेच विचारणार, 'म्हणजे कसा? मुळूमुळू की ओक्साबोक्शी?' हसणाऱ्याची इतकी बारीक चौकशी कुणी करीत नाही. खो-खो, खुदुखुदु, फिदीफिदी आणि गालातल्या गालात, एवढ्यात बहुतेकांचे हसणे आटोपते. रडण्याचे खाते मात्र आपण पिढ्यान्‌पिढ्या मोठ्या निगुतीने सांभाळले आहे.

'मुळूमुळू' रडण्याला आवाज नसतो. एक कोपरा आणि खाली घातलेली मान, एवढ्या भांडवलावर ते चालते. 'मुसमुसणे' उशीत किंवा पदरात व्हायचे. ते शेजारच्या खोलीत ऐकू गेले तर चालेल, शेजारच्या बिऱ्हाडात जाता कामा नये. 'स्फुंदणे' पाठमोऱ्या माणसाच्या खांद्यांवरून ओळखावे. 'ओक्साबोक्शी' रडायला दुसऱ्या कुणाचा तरी खांदा लागतो. 'गळा काढणे' यात ऐकणाऱ्याचा संशय आधीच मिसळलेला असतो. म्हणजे दुःख खरे असेलही, पण जरा जास्तच होतंय! आणि 'भोकाड' हे सतरंजीसारखे पसरायचे असते. त्याला वयाची अट आहे. दहा वर्षांच्या आतल्या इसमालाच ते शोभते. एखाद्या हेडक्लार्कने भोकाड पसरले असे लिहा. त्याचे दुःख तिथेच संपले आणि विनोद सुरू झाला.

डोळ्यांतल्या पाण्याचीही अशीच प्रतवारी. 'अश्रू' हे चवरीसारखे ढाळायचे असतात, म्हणून ते राजवाड्यात, रंगभूमीवर आणि शोकसभेत बरे दिसतात. 'आसवे' कवितेत गळतात. 'टिपे' स्वयंपाकघरात, भांडी घासता घासता गाळली जातात. पुरुषांच्या वाट्याला यातले काहीच येत नाही. त्यांच्या 'डोळ्यांत काहीतरी जाते'. मुलगी सासरी निघाली, की मांडवातल्या झाडून सगळ्या बापांच्या, काकांच्या आणि मामांच्या डोळ्यांत एकाच मुहूर्तावर काहीतरी जाते, आणि सगळे मिळून होमाच्या धुराला नावे ठेवतात.

आता हे शब्द जरा मोठ्याने म्हणून पाहा. (घरात कुणी नसताना म्हणा, नाहीतर शेजारी धावून येतील.) 'मुसमुस' म्हणताना आधी ओठ मिटतात आणि मग नुसता श्वास सुटतो. तोंड दाबून रडण्याची क्रिया तरी दुसरी काय असते? 'ओक्साबोक्शी'तली ती जोडाक्षरे म्हणजे रडताना श्वासाला बसणारे आचके. 'धाय' मोकलताना तोंड आपोआप आ वासते. 'टाहो' शेवटी उघडाच राहतो, कुणीतरी ओ द्यावी म्हणून. 'हुंदका', 'स्फुंदणे' आणि 'हंबरडा' या तिघांच्याही डोक्यावर अनुस्वार आहे, कारण रडताना नाक भरून येते. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार मराठीतून कायमच्या रजेवर गेले. जुन्या मास्तरांनी त्यांच्यासाठी टिपेही गाळली असतील. पण हुंदक्याच्या अनुस्वाराला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. तो उच्चारला जातो, आणि तोही थेट नाकातून! भोकाडावर मात्र अनुस्वार नाही. तिथे सगळे काम तोंडच करते.

मोल्सवर्थ साहेबाने १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश छापला आणि १८५७ साली तो वाढवून पुन्हा काढला. नादावरून झालेल्या मराठी शब्दांना त्याने त्यात भरपूर जागा दिली आहे. आपल्या घरातल्या रडण्याची नोंद परक्याने इतक्या आस्थेने करावी, आणि आपण ती वापरताना मात्र हात सैल सोडावा, हे काही बरे नाही.

कारण हे शब्द म्हणजे मापे आहेत. चिपटे, मापटे, शेर, पायली असतात ना, तशी. आणि तक्रार अशी, की हल्ली सगळे दुःख पायलीनेच मोजले जाते.

कोणतेही वर्तमानपत्र उघडा. स्पर्धेतून बाद झालेला गायक 'ढसाढसा' रडतो. निरोपाच्या सामन्यात खेळाडू 'ढसाढसा' रडतो. उमेदवारी हुकलेला पुढारीही 'ढसाढसा'! अहो, पुढाऱ्याला निदान 'पिरपिर' तरी द्या. मालिकेतली नायिका साखर संपली काय आणि सासरे संपले काय, एकाच सुरात रडते. 'आक्रोश' या शब्दाचे हाल तर बघवत नाहीत. 'जनआक्रोश मोर्चा' निघतो तो सकाळी अकरा वाजता, पोलिसांची परवानगी काढून, ठरलेल्या मार्गाने, आणि आक्रोशाच्या निमंत्रकांचे हसरे फोटो फलकावर लावून. मोर्चात चालणाऱ्या माणसांचे हाल खोटे नसतात, बरं का. पण आक्रोश कधी घड्याळ बघून निघाला आहे?

यात बिघडले काय, असे कुणी विचारील. बिघडते ते असे. 'हंबरडा' हा गाईचा शब्द. वासरू नजरेआड झाले की गाय हंबरते. त्या आवाजावरून भाषेने तो उचलला आणि मूल गेलेल्या आईसाठी राखून ठेवला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. ३० जुलै २०१४ ला डोंगर कोसळून माळीण गाव गाडले गेले. पायली लागते ती अशा दिवशी. पण हुकलेली बक्षिसे आणि हुकलेल्या उमेदवाऱ्या मोजून मोजून तोवर तिचे बूड गेलेले असते. मग खऱ्या हंबरड्याची बातमी आणि गायकाच्या रडण्याची बातमी कानाला सारखीच लागते. वाचणारा चहाचा घोट घेतो आणि पान उलटतो. तो निर्दय नसतो. त्याचा कान आपणच बधिर करून ठेवलेला असतो.

मोठ्या लेखकांनी ही मापे जपली. भवभूतीने 'उत्तररामचरिता'त प्रत्यक्ष दगडाला रडायला लावले. पण त्या दगडाने ऊर बडवला, टाहो फोडला, असले काही नाही. साध्या 'रुद्' धातूवर त्याने काम भागवले. साने गुरुजींनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहून काढली. 'रडके पुस्तक' म्हणून तिला नाके मुरडणारे पुष्कळ भेटतात. मुरडण्याआधी ती नाके एकदा तरी पुसावी लागलेली असतात, हे ते सांगत नाहीत. त्या पुस्तकातले रडणे बहुतेक 'डोळ्यांत पाणी आले' अशा घरगुती शब्दांतले आहे. रडायचे काम दोघांपैकी एकानेच करायचे असते. लेखकाने ते भरपूर उरकून टाकले, की वाचकाला काही शिल्लक राहत नाही.

पूर्वी कुणी गेल्याचे कळवणारे कार्ड येई, त्याचा कोपरा फाडलेला असे. पोस्टमनने ते हातात ठेवले, की वाचण्याआधीच घर गप्प होई. आत दोन-तीनच ओळी. ते कार्ड घरात ठेवायचे नाही, वाचून फाडून टाकायचे. आता व्हॉट्सॲपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' येते. एकाने लिहिली, की खाली चाळीस जण तीच उचलून चिकटवतात. भाव आहे हे लिहून कळवावे लागते, यातच काय ते आले.

म्हणून एवढेच सुचवावेसे वाटते. शब्द सापडला नाही तर मोठा शब्द उसना आणू नये. चिपट्याचे दुःख चिपट्यानेच मोजावे. त्यात कमीपणा नाही. आणि पायलीतही मावणार नाही असे काही झाले, तर त्यासाठी मराठीत एक साधे क्रियापद आहे. त्यात आचका नाही, अनुस्वार नाही, रडण्याचा आवाजही नाही. त्या फाटक्या कोपऱ्याच्या कार्डात तेवढेच असे.

'गेले.'

पुढचे ज्याचे त्याने रडावे.