विल्सनचा महसुली संज्ञाकोश आणि ‘मिरास’ : एक चिकित्सा

प्रस्तावना :
होरेस हेमन विल्सन यांनी ईस्ट इंडिया कंपनीसाठी सिद्ध केलेला न्याय व महसूलविषयक संज्ञांचा कोश १८५५ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाला. अरबी, फारसी, मराठी, बंगाली, तेलुगू, तमिळ इत्यादी भाषांतील संज्ञा एकत्र आणणारा हा ग्रंथ वासाहतिक इतिहासाच्या अभ्यासकास आजही टाळता येत नाही. तथापि, त्याच्या मर्यादाही लक्षात घेणे आवश्यक आहे.

विवेचन :
‘मिरास’ या मूळ अरबी शब्दाचा अर्थ वारसा. दख्खनच्या गावगाड्यात मिरासदार हा वंशपरंपरागत हक्काने जमीन धारण करी. तो परागंदा झाला तरी त्याचा हक्क सहसा बुडत नसे. ‘उपरी’ कूळ मात्र ठरावाने जमीन कसणारे. त्यास ती विकण्याचा अधिकार नसे. या दोन संज्ञा परस्परांच्या संदर्भातच अर्थपूर्ण ठरतात आणि जमिनीच्या प्रकाराइतकेच माणसाचे गावातील स्थानही सांगतात. कोशाच्या वर्णानुक्रमात मात्र त्या एकमेकींपासून दूर पडतात. शब्दार्थ मिळतो, संबंध हरवतो.

कोश छापला जाण्यापूर्वीच हा भेद प्रशासनात क्षीण होऊ लागला होता. गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यातून सुरू केलेल्या पाहणी पद्धतीत आकारणी शेताच्या क्रमांकावर, जमिनीच्या प्रतीनुसार व सामान्यतः ३० वर्षांसाठी होऊ लागली. दप्तरी नाव असलेला व सारा भरणारा तो धारक, मग तो मिरासी असो वा उपरी. यामुळे उपऱ्यास स्थैर्य लाभले, हे नाकारता येत नाही. परंतु त्याचबरोबर जमीन सर्रास तारण ठेवण्याजोगी व विकण्याजोगी झाली. १८७५ मध्ये सुपे येथे सावकारांविरुद्ध उसळलेल्या शेतकऱ्यांच्या असंतोषाच्या अनेक कारणांपैकी हे एक होय.

निष्कर्ष :
विल्सन यांच्या कोशातील ‘मिरास’ ही अशा रीतीने मावळत्या व्यवस्थेची नोंद ठरते. तिला स्थिर व्याख्या मानून इतिहास लिहिल्यास बदलाची प्रक्रियाच दृष्टीआड होते. याउलट, बोलीतील मराठीने ‘मिरासदारी’ म्हणजे मक्तेदारी आणि ‘उपरा’ म्हणजे परका हे अर्थ जपून या संज्ञांमागील सामाजिक विषमता जिवंत ठेवली आहे. म्हणून कोशाचे वाचन गावदप्तर, पाहणी अहवाल आणि लोकभाषा यांच्या जोडीनेच व्हावयास हवे.