वॉल्डेनचा १९९९ चा एडीसी लेख: काय घ्यावं, काय तपासावं

पीएचडीच्या प्रस्तावावर ‘वेगवान आणि अचूक एडीसी’ असं शीर्षक टाकण्याआधी रॉबर्ट वॉल्डेन यांचा १९९९ चा सर्वेक्षण-लेख वाचाच. इथे कोल्हापुरात प्रस्ताव लिहिताना मी तो उशिरा वाचला आणि शीर्षक बदललं.

लेखाची ताकद एका निरीक्षणात आहे: सॅम्पलिंगचा वेग दुप्पट झाला की साधारण १ बिट अचूकता जाते. मुख्य कारण जिटर, म्हणजे सॅम्पल घेण्याची वेळ किंचित मागेपुढे होणं. गणित करून बघा. ४०० मेगाहर्ट्झचा सिग्नल आणि १ पिकोसेकंद जिटर असेल, तर १२ बिटांच्या एडीसीतूनही जेमतेम ८.३ बिट हाती लागतात. आपल्याकडे नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी दुर्बिणीची बँडविड्थ ३२ वरून ४०० मेगाहर्ट्झवर गेली. म्हणजे सेकंदाला किमान ८० कोटी सॅम्पल. एवढ्या वेगात हे गणित टाळता येत नाही.

उणीव आहे ती तुलनेच्या मापात. प्रत्येक वाढीव बिटासाठी दुप्पट ऊर्जा लागते, असं ते माप धरतं. पण थर्मल नॉइजपाशी अडलेल्या एडीसीला १ बिट वाढवायला साधारण चौपट ऊर्जा लागते. त्यामुळे १४ बिटांचं चांगलं डिझाइनही ८ बिटांच्या शेजारी उगाच फिकं दिसतं.

म्हणून कुठलाही पेपर हातात घेतलात की आधी बघा: अचूकता मोजताना इनपुटची फ्रिक्वेन्सी किती होती? ती अगदी कमी ठेवली असेल, तर शीर्षकातले ‘वेगवान’ आणि ‘अचूक’ एकाच वेळी खरे आहेत, हे अजून सिद्ध व्हायचंय.