रुंद भिंगाचा मोह

‘ज्युपिटर-१२’ हे ३५ मिलिमीटरचे जुने रशियन भिंग मी हौसेने मिळविले. बर्टेलेने १९३०च्या दशकात झाइससाठी आखलेल्या ‘बायोगॉन’चाच हा अवतार, मागची काच थेट शटरपाशी भिडते की काय, अशी! मुक्ताईनगरला, कोथळीहून मुक्ताईची पालखी पंढरपूरला निघाली तेव्हा ते बरोबर होते.

रुंद भिंगात सारे मावते, हाच त्याचा घात. माझ्या चित्रांत पताका आहेत, आभाळ आहे, माणूस नाही. उतरले ते एकच. दोन हातांवरून घेतलेले: तुळस डोक्यावर चढवणारी म्हातारी. कडेला आल्याने तिचा हात ताणला गेला आहे. जाणकार याला दोष म्हणतील. मला तोच हात खरा वाटतो. मात्र तिने माझ्याकडे पाहिले, तेव्हा मी तिला विचारलेही नव्हते.