गीतरचना आणि अलंकारांचे अध्यापन

अलंकारांचे अध्यापन आपल्याकडे बहुधा लक्षण आणि उदाहरण या क्रमाने चालत आले आहे. उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साम्यवाचक शब्द ही उपमेची चार अंगे विद्यार्थी पाठ करतो व दिलेल्या चरणात ती दाखवितो. या पद्धतीने अलंकार ओळखता येतो. परंतु कवीने त्या स्थळी उपमा सोडून रूपक का योजिले, ह्या प्रश्नाला तिच्याजवळ उत्तर नसते. ते उत्तर रचनेच्या अनुभवातूनच मिळण्याचा संभव अधिक. म्हणून विद्यार्थ्यांकडून गीत रचवून घेण्याच्या उपक्रमाचा विचार केवळ मनोरंजन म्हणून न करता काव्यशास्त्राच्या दृष्टीने करावयास हवा.

त्यासाठी मोठ्या अभंगाचा छंद विशेष सोयीचा आहे. यात लघुगुरूंचे बंधन नसते. सहा, सहा, सहा व चार अशी अक्षरे आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे यमक एवढेच पाळावयाचे. ‘आजीचे हात बाभळीच्या सालीसारखे खरखरीत आहेत’ हे गद्य वाक्य घ्यावे. त्यात उपमेची चारही अंगे उपस्थित आहेत. परंतु सहा अक्षरांच्या चरणात ‘सारखे’ हा एक शब्दच निम्मी जागा अडवितो. तो गाळावा लागतो, त्यामागोमाग ‘खरखरीत’ही जातो, आणि ‘बाभूळ हे हात’ एवढेच उरते. साम्याच्या जागी अभेद आला. उपमेचे रूपक झाले. हे स्थित्यंतर व्याख्येने सांगावे लागले नाही, छंदानेच ते घडवून आणले.

आता हात बाभूळ म्हटल्यावर बाभळीचे इतर धर्मही सांभाळणे ओघानेच आले. पुढील कडवे असे होऊ शकेल :

बाभूळ हे हात । सावली विरळ ।
डिंक तो प्रेमळ । जखमेचा ॥

येथे ‘प्रेमळ’ हा शब्द केवळ यमकासाठी आला आहे, हे उघड आहे. जे डिंकाने सुचवावयाचे तेच विशेषणाने बोलून टाकले. त्या जागी ‘डिंकही केवळ’ असे केल्यास यमक टिकते आणि अर्थ पालटतो : बाभळीचा डिंक सालीला झालेल्या जखमेतून पाझरतो, तसे आजीने जे दिले ते सोसूनच दिले, हे न बोलता कळते. हातांचा अभेद शब्दाने सांगितला आहे. सावली व डिंक यांची उपमेये मात्र अनुक्त राहिली आहेत. मम्मटाने वर्णिलेल्या एकदेशविवर्ती रूपकाच्या जवळचे ते आहे. हे नाव विद्यार्थ्याला अशा वेळी सांगितले, तर ते त्याला ओझे वाटणार नाही; स्वतः केलेल्या कृतीचे ते नाव असेल.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. अलंकार रसाच्या ओघात, वेगळ्या प्रयत्नावाचून सिद्ध व्हावा, असे नवव्या शतकातील आनंदवर्धनाचे मत आहे. मग वर्गात सांगून घडविलेला अलंकार कृत्रिमच ठरणार नाही काय? आक्षेप योग्य आहे. पण तो काव्याला लागू पडतो, अभ्यासाला नाही. अकराव्या शतकातील क्षेमेंद्राने ‘कविकंठाभरणा’त नवशिक्याला अर्थशून्य पदे योजूनही वृत्ताचा सराव करावयास सांगितले आहे. त्या सरावाला तो काव्य म्हणत नाही. वर्गातील गीतालाही काव्याची प्रतिष्ठा देण्याचे कारण नाही.

खरा धोका वेगळाच आहे. चाल लागली की दुबळा चरणही कानाला गोड वाटतो, आणि ‘प्रेमळ’सारखा शब्द निर्वेधपणे निसटून जातो. यास्तव गीत गाऊन झाल्यावर ते चालीवाचून वाचणे, आणि प्रत्येक शब्दाला तो तेथे का आहे असे विचारणे, हा या उपक्रमाचा अपरिहार्य भाग मानला पाहिजे. तेवढे झाले नाही, तर विद्यार्थ्याला गाणे मिळेल, अलंकार मिळणार नाही. ते झाले, तर पुढे तुकोबांच्या अभंगातील एखादे रूपक वाचताना तो त्याच्या नावाशीच थांबणार नाही. कवीने काय गाळले, हे तो प्रथम शोधील.