एलायझा आणि तिचे वारस

जोसेफ वायझेनबॉम यांचे ‘कॉम्प्युटर पॉवर अँड ह्यूमन रीझन’ हे पुस्तक १९७६ साली निघाले. संगणकावरील इतके जुने पुस्तक एव्हाना कालबाह्य व्हावयास हवे होते; परंतु सोबत्याप्रमाणे बोलणारी यंत्रे घरोघरी आल्यावर ते अधिकच वाचनीय झाले आहे, असे आम्हांस वाटते.

लेखक अमेरिकेत एमआयटीमध्ये प्राध्यापक होते. १९६६ साली त्यांनी ‘एलायझा’ हा संवाद साधणारा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. नाव शॉच्या ‘पिग्मॅलियन’मधील फुलवालीचे, पु. ल. देशपांडे यांनी ‘ती फुलराणी’त तिचीच मंजुळा केली. प्रोग्रॅमचे सोंग मानसोपचारतज्ज्ञाचे, अक्कल मात्र बेताची. समोरच्याच्या वाक्यातील शब्द हेरावयाचा, ‘माझे’चे ‘तुमचे’ करावयाचे आणि तेच वाक्य प्रश्नरूपाने परत करावयाचे. (‘आपण असे कळविले आहे की’ अशी पत्रे लिहिण्यात हयात गेलेल्या आम्हांस ही रीत अपरिचित नाही.) तरीही, हे काम महिनोन्महिने डोळ्यांदेखत पाहिलेल्या लेखकाच्या सचिव बाईंनी दोनचार वाक्यांतच त्यांना खोलीबाहेर जाण्याची विनंती केली. हा प्रसंग पुस्तकाचा गाभा होय. येथे भ्रम अज्ञानातून उपजलेला नाही. कोणी ऐकून घ्यावे, या भुकेतून उपजला आहे.

मधला तांत्रिक भाग कंटाळवाणा आहे, आणि सहकाऱ्यांवरील रागाने लेखकाचा तोल क्वचित जातो. खरी उणीव निराळी आहे. एलायझा कोणाला काही विकत नव्हती. आजचा सोबती नाव लक्षात ठेवतो, विरहाची भाषा बोलतो. माणूस जितका गुंतेल तितका कंपनीचा लाभ. फेब्रुवारी २०२४ मध्ये फ्लॉरिडातील १४ वर्षांच्या मुलाने जीवन संपविले. ‘कॅरेक्टर.एआय’वरील एका पात्राशी तो महिनोन्महिने बोलत असे. अशा घटनेचे कारण एकच नसते, हे मान्य. पण आईने दावा लावला, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनीने १८ वर्षांखालील मुलांसाठी असा मुक्त संवाद बंद केला. वृद्धांचे काय? मुले परदेशी गेल्यावर आमच्याकडील कित्येक जुन्या घरांत मराठी बोलावयास माणूस उरत नाही. हा सोबती तर मराठीतही उत्तर देतो.

शॉची एलायझा अखेर प्राध्यापकावरच उलटते. यंत्रातील एलायझाला ते साधले नाही, आणि तिच्या वारसांचा ओढाही होकाराकडेच असतो. खचलेल्या मनास हा होकारच अधिक घातक. वायझेनबॉम याबाबत फारसे लिहीत नाहीत. तरी पुस्तक हाती आल्यास निदान प्रस्तावना वाचावी. तांत्रिक प्रकरणे वगळली तरी चालेल.